शकात बारा मिळव

माझ्याकडून गुरुजींना ३४० रुपये येणं आहे. १९७३ च्या जूनमधले. इंदूरला बी.एस्सी.ला नाव घालायचं होतं, वडील बुऱ्हाणपूरला लालबागेतल्या स्टेशनावर पार्सल ऑफिसात कारकून, आणि त्याच उन्हाळ्यात थोरल्या बहिणीचं लग्न उरकलेलं. गुरुजींनी नोटा दोनदा मोजून माझ्या हातावर ठेवल्या, आपल्या वहीत माझ्या नावाचं पान उघडलं, वर आकडा घातला आणि म्हणाले, "व्याज मात्र घेणार हं मी. दर सुट्टीला एका प्रश्नाचं उत्तर." पुढे नोकरी लागल्यावर मुद्दल द्यायला दोनदा गेलो. एकदा त्यांनी विषय बदलला, एकदा आक्कांनी चहा पुढे केला. मग ते गेलेच.

सगळं गाव त्यांना 'माटसाब' म्हणायचं. आम्ही मराठी घरातली पोरं तेवढी गुरुजी म्हणत असू. बुऱ्हाणपूरच्या मराठी माणसाच्या तोंडात तीन-चार भाषा असतातच. रावेर इथून हाकेच्या अंतरावर, पण राज्यांच्या रेषा आखल्या गेल्या तेव्हा रावेर महाराष्ट्रात राहिलं नि आम्ही मध्य प्रदेशात. शाळेत हिंदी, गल्लीत निमाडी आणि उर्दू, देवघरात मराठी. गुरुजी शाळेत संस्कृत शिकवायचे. राजघाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत थोरल्या बहिणीबरोबर, म्हणजे आक्कांबरोबर राहायचे. घराच्या दोन्ही अंगांना पावरलूम. त्यांच्याकडे बोलायचं म्हणजे मागांच्या खटखटीवर आवाज चढवून बोलायचं. वीज गेली की मग कळायचं, आपण इतका वेळ भांडत असल्यासारखे ओरडत होतो.

अकरावीत असताना डिसेंबरातल्या एका पहाटे ते मला गांधी चौकातल्या जामा मशिदीत घेऊन गेले. फज्रची नमाज होऊन माणसं पांगली होती. हौदाजवळ पाय धुतले. आतले एक म्हातारे खिदमतगार गुरुजींच्या ओळखीचे होते, सगळे त्यांना बडे मियाँ म्हणत. त्यांनी हातात टॉर्च घेतली आणि कमानींच्या रांगेतून आम्हाला एका भिंतीपाशी नेलं. तिथं दगडात नागरी अक्षरं होती. मशिदीत, भिंतीवर, संस्कृत. मी जन्मापासून त्या चौकातून दूध आणायला जात होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं.

बडे मियाँ टॉर्च धरून उभे, गुरुजी वाचताहेत आणि मी पाटीवर उतरवतोय. आरंभी सृष्टिकर्त्याला वंदन. मग जो अव्यक्त आहे, सर्वव्यापी आहे, गुणांच्या पलीकडचा आहे, त्या ईश्वराला नमस्कार. मग आकाशात जोवर चंद्र, सूर्य, तारे आहेत तोवर इथल्या फारुकी सुलतानांचा वंश नांदो, असा आशीर्वाद. मग राजांची वंशावळ, त्यात आदिलशाहाचा 'एदलशाह' झालेला. मग काळ आणि शेवटी असं की, एदलशाह राजानं ही 'मसीति' बांधली, स्वधर्माच्या पालनासाठी. 'मसीति' वाचताना गुरुजी हसले. कुठल्या पंडितानं हा शब्द घडवला असेल, त्याला घडवताना किती मजा आली असेल, असं ते म्हणाले.

माझं लक्ष काळाच्या ओळींवर होतं. संवत् १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमी इतक्या घटिकांपर्यंत, पुढे एकादशी, सोमवार, कृत्तिका इतक्या घटिकांपर्यंत, पुढे रोहिणी. घरी आल्यावर गुरुजींनी पंचांग काढलं. "शकात बारा मिळव. साठांनी भाग. बाकी काय?" १५११ अधिक १२, १५२३. साठांनी भागल्यावर बाकी २३. "आता प्रभव, विभवपासून मोज." तेविसावा आला विरोधी. मला अंगावर काटा आल्याचं आठवतंय. पुढे कॉलेजात असताना मी हे सगळं नीट मांडलं. तो दिवस जुन्या युरोपीय गणनेनं ५ जानेवारी १५९०, आजच्या गणनेनं १५ जानेवारी, आणि वार सोमवारच येतो. मकरसंक्रांत होऊन आठवडा झालेला, सूर्य मकरेत सात अंशांच्या आसपास. दशमी संपते तेव्हा चंद्र सूर्याच्या १२० अंश पुढे असतो. बेरीज केली की चंद्र नेमका कृत्तिकेत पडतो, रोहिणीच्या अलीकडे. चार शतकांपूर्वी कुणी ज्योतिष्यानं घटिकापात्र बघून लिहून ठेवलेलं, आणि मी वसतिगृहाच्या खोलीत कंपास पेटीतला कोनमापक घेऊन त्याला बरोबरची खूण करतोय.

दिवाळीच्या सुट्टीत हे व्याज म्हणून घेऊन गेलो. वाटलं होतं, गुरुजी खूश होतील. झालेही. पण म्हणाले, "दिवस सुटला. हे तू पृथ्वीवर कुठंही बसून सोडवलं असतंस, चंद्राला काही फरक पडत नव्हता. आता मला सांग, लेख आत का आहे?"

मला प्रश्नच कळला नाही.

"अरे, फारुकी सुलतान मशिदीत संस्कृत लिहवतो. बरं, हिंदू प्रजेला दाखवायचं म्हणशील तर ती आत नमाजाच्या दालनात येणार थोडीच? आणि जे आत येतात त्यातल्या किती जणांना संस्कृत वाचता येत होतं? मग कोणासाठी?"

त्या वयात मी जे उत्तर दिलं ते आजही पुष्कळ शिकलेली माणसं देतात. म्हटलं, राजकारण असणार, प्रजेला खूश ठेवायला. गुरुजी म्हणाले, हे उत्तर तू लेख न वाचताही दिलं असतंस, म्हणून ते उत्तर नाही. मग त्यांनी मला अर्धा तास नुसतं 'स्वधर्म' या एका शब्दावर बसवून ठेवलं. गीता ज्याला तोंडपाठ आहे असा पंडित हा शब्द एका मुसलमान राजाच्या मशिदीसाठी वापरतो. राजाला कुणीतरी त्याचा अर्थ सांगितला असेल आणि राजानं मान हलवली असेल. पंडिताच्या मनात त्या शब्दाखाली काय होतं, राजाच्या मनात काय उतरलं, आणि दोघांच्या मनातलं एक नसलं तरी दगडावर एकच शब्द कसा चालला? आरंभीचा नमस्कारही बघ म्हणाले. अव्यक्त, निर्गुण. मौलवीला हरकत नाही, वेदान्त्यालाही नाही. हे योगायोगानं होत नाही, कुणीतरी बसून शब्द निवडलेत.

आणि मग जाता जाता, "चंद्र-सूर्य असेतोवर फारुकी नांदोत म्हटलंय ना? किती नांदले?" मला हेही माहीत नव्हतं. मशीद बांधणारा राजा अली खान, म्हणजे लेखातला एदलशाह, १५९७ मध्ये मुघलांच्या बाजूनं अहमदनगरकरांशी लढताना सोनपेठ-आष्टीच्या रणात पडला. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि घराणं संपलं. लेख कोरल्याला अकरा वर्षं झाली होती. त्याच मशिदीवर अकबराच्या विजयाचा फारसी लेखही आहे, बडे मियाँनी तो मला नंतर दाखवला. तो समजायला सोपा आहे. जिंकणाऱ्याचं लिहिणं नेहमीच सोपं असतं.

चंद्राबद्दलचं त्या दगडावरचं सगळं खरं निघालं नि वंशाबद्दलचं खोटं. माझा बी.एस्सी.चा अहंकार यावर फार सुखावला. मानव्यविद्या म्हणजे कच्चं विज्ञान, अजून लहान आहे, मोठं झालं की पदार्थविज्ञानासारखं होईल, असं मी वर्गमित्रांना ऐकवत असे. आपल्या मराठीत 'शास्त्र' हा शब्द ऐसपैस आहे. पाकशास्त्र, व्याकरणशास्त्र, धर्मशास्त्र, पदार्थविज्ञानशास्त्र, सगळी एका पंगतीला बसतात. मी त्या पंगतीतून निम्म्यांना उठवायला निघालो होतो.

एम.एस्सी. भूगर्भशास्त्रात केलं आणि पाण्याच्या खात्यात लागलो. काही वर्षांनी बदली होऊन गावीच आलो आणि माझ्या वाट्याला आला कुंडी भंडारा. बुऱ्हाणपूरच्या बाहेरच्या वाचकासाठी दोन शब्द सांगायला हवेत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. डोंगरात मुरलेलं पाणी जमिनीखालून उतारानं नदीकडे निघालेलं असतं. १६१५ च्या सुमारास, जहांगीराच्या काळात, सुभेदार अब्दुर्रहीम खानखानानं इराणी जाणकार तबकुतुल अर्ज याच्याकडून हे पाणी वाटेतच अडवून घेतलं. जमिनीखाली बोगदा, त्यावर ठराविक अंतरानं विहिरीसारख्या कुंड्या, शंभराच्या वर. बोगद्याला इतका बेताचा उतार की पाणी आपल्या वजनानं चालत जाळी करंज नावाच्या ठिकाणापर्यंत येतं आणि तिथून शहरात. पंप नाही, मोट नाही. इराणात याला कनात म्हणतात. मूळ भंडारा, सुका भंडारा, चिंताहरण अशी त्या जाळ्यातल्या इतर भंडाऱ्यांची नावं. आणि या मुख्य भंडाऱ्याला जुनी माणसं म्हणतात खूनी भंडारा.

मी दोरानं कुंडीत उतरायचो. ऐंशी फूट खाली, कमरेएवढ्या गार पाण्यात, आणि भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, जणू मेणबत्ती वितळून गोठलीय. ते थर बोगद्याचा घसा आवळत चालले होते. वर केळीच्या बागा वाढत होत्या, बागांबरोबर बोअर वाढत होते. मी पातळी मोजायचो, क्षार मोजायचो, आलेख काढायचो. मे महिन्यात पाणी कुठवर उतरेल हे जानेवारीत सांगायचो आणि बहुतेक वेळा बरोबर यायचं. पाण्याबरोबर काम करण्याचं हे सुख आहे. त्याच्याबद्दल मी काय लिहिलंय ते पाणी वाचत नाही.

त्या सुट्टीचं व्याज, म्हणजे आता सुट्टी कसली, दर रविवारचं, गुरुजींनी विचारलं, "खूनी का म्हणतात?" मी नमुना तपासून आणला. लोह नगण्य, कॅल्शियम भरपूर, पाणी लाल असण्याचा प्रश्नच नाही, उलट पांढरं करतं. नाव चुकीचं आहे, असा निर्वाळा दिला. गुरुजी म्हणाले, जा आणि दहा जणांना विचार. विचारलं. एक म्हणाला, इथं दरोडेखोर लोकांना मारून टाकायचे. दुसरा म्हणाला, पूर्वी पाणी लालसर यायचं. भंडाऱ्याजवळ राहणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, खोदताना मजूर दबून मेले, त्यांचं रक्त आहे ते. एका दुकानदारानं सांगितलं, हे सगळं गाईड लोक पर्यटकांसाठी रचतात. कसल्या ना कसल्या खोदकामात बाप गेलेल्यांच्या वस्तीत मजुरांची गोष्ट चालते, बाजारात गाईडांची चालते. माझ्या नळीतल्या नमुन्यातून यातलं काहीच निघालं नसतं, आणि तरीही नमुना घेतल्याशिवाय 'पाणी लाल होतं' ही गोष्ट बाजूला सारता आली नसती. गुरुजींनी मला दोन्ही करायला लावलं. याचं श्रेय मी त्यांना पुरेसं कधी दिलं नाही.

मग खरी फजिती झाली. शहरात घरोघरी पाणी किती लागतं याची पाहणी करायची होती. छापील तक्ते घेऊन आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. आकडे जमले, सरासरी काढली, अहवाल तयार. फेरतपासणीत माझ्याऐवजी दुसरा सहकारी काही घरांत गेला, तर त्याच घरांतून निराळेच आकडे आले. मी विचारलं तेव्हा दोन हंडे, त्यानं विचारलं तेव्हा बारा. मी तक्ता आखला, सुधारला, प्रश्न बदलला. मग परत निराळे. वरिष्ठांनी त्याची सरासरी घेऊन टाक म्हणून सांगितलं आणि मी ती घेतली, हे कबूल केलं पाहिजे. तो अहवाल कुठंतरी फायलीत असेल.

आक्कांना हसू आवरेना. म्हणाल्या, "अरे, तू गळ्यात ओळखपत्र घालून गेलास, म्हणजे पट्टी वाढवणारा. तुझा तो दोस्त नळाचा नकाशा घेऊन गेला, म्हणजे कनेक्शन देणारा. बायांनी हिशेब चोख केलाय." दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याबरोबर निघाल्या. तक्ता नाही, प्रश्न नाही. ओट्यावर बसायचं, सुपारी कातरायची, लेकीसुनांची चौकशी करायची, आणि उठताना माठाजवळ उपडे घातलेले हंडे मोजायचे. आठवडाभरात मला जे कळलं ते सहा महिन्यांच्या तक्त्यांत नव्हतं. शुक्रवारी पाणी दुप्पट लागतं. रंगारी घरात सकाळचं पाणी वेगळं नि संध्याकाळचं वेगळं ठेवतात. एका विणकराच्या म्हाताऱ्या आईकडे घरात नळ होता, तरी ती नातवाला भंडाऱ्यावर पाठवून एक कळशी मागवायची. का, तर "ये रहीम साहब का पानी है."

हे मी गुरुजींना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, रहीमचा पाण्याचा दोहा आठवतोय का? कुंडी भंडारा बांधवणारा खानखाना आणि दोहे लिहिणारा रहीम एकच, हे आपण विसरतो. त्या दोह्यात 'पानी' हा एकच शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी काम करतो. मोत्याचं पाणी म्हणजे झळाळी, माणसाचं पाणी म्हणजे इज्जत, आणि चुनाला लागतं ते साधं पाणी. आता हे 'चून' म्हणजे पीठ की चुना, यावर वाद आहे, आणि कुंडीत उतरून चुन्याचे थर बघितलेल्या माणसाला आपलं मत चुन्याच्या बाजूनं झुकवायचा मोह होतोच. पण तोही पुरावा होत नाही, असं गुरुजींनी तिथल्या तिथं बजावलं. मी प्रयोगशाळेत ज्याचं एकच सूत्र लिहायचो, त्याच पाण्याचे त्या म्हातारीच्या कळशीत निदान दोन अर्थ होते, आणि दुसरा मोजायला माझ्याकडे भांडं नव्हतं.

याच सुमारास त्यांनी मला इरावतीबाई कर्व्यांचं 'परिपूर्ती' वाचायला दिलं. आधी त्यांची गोष्ट सांगितली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बाई बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे डॉक्टरेटला गेल्या. काम होतं कवट्या मोजण्याचं. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाप्रमाणे बदलतो, अशी गुरूंची अटकळ. बाईंनी मोजून मोजून लिहिलं की तसं दिसत नाही. पुढे फिशरांच्या विद्येचं नाझी जर्मनीत काय झालं ते आपण जाणतो. गुरुजी म्हणायचे, बघ, इथं माणसाला दगडासारखं मोजलं नि तरी ते मोजणं प्रामाणिक होतं म्हणून माणसाच्या बाजूनं उभं राहिलं. आणि त्याच बाई पुढे पंढरीच्या वाटेनं दिंडीबरोबर चालल्या, 'वाटचाल' लिहिलं. विठ्ठलाच्या वाटेवरही जातीजातींची जेवणं वेगळी होतात हे पाहून त्यांचा जीव तुटला. हा जीव तुटणं कुठल्या पट्टीनं मोजणार? पण ते नसतं तर वारीबद्दल बाईंना जे दिसलं ते दिसलं नसतं. मोजणाऱ्यानं मन बाजूला ठेवायचं, हे मला शिकवलं होतं. मन नेमकं कुठं ठेवायचं नि कुठं आणायचं, हे शिकवलं नव्हतं.

दामोदर कोसंबींवर मात्र आमचं जुंपायचं. ते माझे हीरो. गोव्यात जन्मलेला हा गणिती, नाणी तोलायला बसला. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं; जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन घटतं नि एकाच ढिगातल्या नाण्यांच्या वजनांत तफावत वाढते. चलनातली आधुनिक नाणी तोलून त्यांनी हे पडताळलं आणि मग तक्षशिलेच्या ढिगांकडे वळले. मी म्हणायचो, बघा, इतिहास असा करायचा. गुरुजी म्हणायचे, वजन उतरलं हे तराजूनं सांगितलं, पण त्या नाण्यांवर एका बाजूला राजाचे ठसे नि दुसऱ्या बाजूला सावकारांच्या बारीक खुणा आहेत, हे वाचायला तराजू सोडून डोळे मिचकावून बसावं लागतं. तुझा कोसंबी दोन्ही करत होता, तू निम्माच कोसंबी वाचलास. ते खरं होतं. मी 'मिथ अँड रिअॅलिटी' तोवर उघडलंही नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी एका परिसंवादात जर्मन विद्वानांची नावं ऐकली. विल्हेल्म डिल्टाय, १८८३ चं पुस्तक. निसर्गाची कारणं लावून दाखवायची असतात, माणसाचं जगणं आतून समजून घ्यायचं असतं, असा त्यांचा भेद. विल्हेल्म विंडेलबांट, १८९४ मधलं स्ट्रासबुर्गचं भाषण. एक शास्त्र सर्वांना लागू पडेल असा नियम शोधतं, दुसरं एकदाच घडलेल्या गोष्टीच्या मागे लागतं. घरी येऊन मी हे उत्साहानं आक्कांना सांगितलं. गुरुजी तेव्हा नव्हते. आक्का म्हणाल्या, "हे तर तुझे गुरुजी रोज बोलायचे." मला त्या जर्मनांत एक गोष्ट थोडी कमी वाटते. पौष शुद्ध दशमीचा तो सोमवारही एकदाच घडलेला, तरी तो मी नियमानंच सोडवला. नियम नि एकदाच घडणं यांच्यात इतकी पक्की भिंत नाही. फरक मला ओट्यावर कळला होता. चंद्राला मी कोण ते माहीत नाही. त्या बायांना होतं.

गुरुजी गेले त्या वर्षीचं शेवटचं व्याज ताजमहालाचं. मुमताज १६३१ मध्ये इथं, बुऱ्हाणपुरात, चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीपलीकडे जैनाबादेत आहुखान्यात तिला पुरलं आणि सहा महिन्यांनी शव आग्र्याला नेलं. इथला कुठलाही रिक्षावाला तुम्हाला सांगेल की ताजमहाल खरं तर इथंच व्हायचा होता, पण इथल्या मातीला वाळवी लागते म्हणून नेला. मी मातीचा माणूस. म्हटलं, नमुने घेतो, एकदाचा निकाल लावतो. गुरुजी खाटेवर पडून होते. म्हणाले, "माती तपासच. पण त्याआधी हे बघ, ही गोष्ट कोण कोणाला सांगतं." मी दोन महिने कान उघडे ठेवले. गावातली माणसं आपापसात ही गोष्ट सांगत नाहीत. बाहेरून आलेल्या पाहुण्याला सांगतात, आणि बहुतेकदा त्यानं 'बुऱ्हाणपूर कुठंय' असं विचारल्यावर. बादशहानं आम्हाला नाकारलं नाही, वाळवीनं नाकारलं. गावाचा मान राखायला माझ्याच विद्येचा अंगरखा घातला होता लोकांनी. गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते खळखळून हसले, खोकला येईपर्यंत. मातीचे नमुने मी घेतलेच नाहीत.

त्यांच्या तेराव्याला बडे मियाँचा मुलगा दराब्याच्या मिठाईचा डबा घेऊन आला होता. गुरुजी मशिदीत गेले की बडे मियाँसाठी दराबा न्यायचे, हे मला तेव्हा कळलं. मी इतकी वर्षं समजत होतो की म्हातारबुवा आम्हाला विद्येच्या प्रेमानं टॉर्च दाखवतात.

आक्का २००३ मध्ये गेल्या, बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला त्याच पावसाळ्यात. त्याआधी वही मला दिली. त्यात पुष्कळांची पानं आहेत, कुणाचे बारा रुपये, कुणाची पुस्तकं, एकाच्या नावावर 'सायकल' इतकंच. माझ्या पानावर आकड्याखाली पाच प्रश्न आहेत, बारीक मोडीवळणाच्या अक्षरात. खूनी का. हंडे किती. वाळवी कोण कोणाला सांगतं. या तिन्हींपुढे त्यांनी बरोबरची खूण केलीय. लेख आत का, आणि स्वधर्म हा शब्द पंडिताचा की राजाचा, या दोन्हींपुढे खूण नाही.

मी निवृत्त झालो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अजून हिवाळ्यात, फज्रनंतर, त्या भिंतीपाशी जाऊन येतो. आता टॉर्च मोबाइलची असते. पानाच्या माथ्यावर ३४० चा आकडा आहे, आणि तो खोडलेला नाही.